एका मोठ्या मूळ संख्येची परीक्षा

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत मूळ संख्यांचा पाठ बहुधा एका तासात आटोपला जातो. ज्या संख्येला १ व ती संख्या स्वतः असे दोनच विभाजक असतात तिला मूळ संख्या म्हणावे, ही व्याख्या फळ्यावर लिहिली जाते. १ ते १०० मधील पंचवीस मूळ संख्या मुले वहीत उतरवून घेतात, आणि पुढे परीक्षेत त्या यादीच्या आधारे उत्तर देतात. यादी पाठ असेल तर उत्तर बरोबर येते. नसेल तर ९१ ही संख्या मूळ आहे असे मुले हटकून सांगतात. कारण ती सम नाही, तिच्या शेवटी ५ नाही आणि तिच्या अंकांची बेरीज ३ ने भागली जात नाही. तेरा सत्ते एक्याण्णव हा पाढा तोंडपाठ असूनही तो त्या क्षणी आठवत नाही.

ही चूक दुरुस्त करणे सोपे आहे. तिच्याहून अधिक विचार करण्याजोगी आहे ती बरोबर आलेल्या उत्तराची गोष्ट. "९७ ही मूळ संख्या आहे," असे विद्यार्थी सांगतो. "कशावरून?" असे विचारले की तो "यादीत आहे" असे म्हणतो. "आणि यादीच नसती तर?" या प्रश्नापाशी पुष्कळदा सारा वर्ग थांबतो, आणि यादीपलीकडचा विचार केलेला नसेल तर शिक्षकांनाही थांबावे लागते. अशा वेळी "उत्तर बरोबर आहे, खाली बैस" असे म्हणून पाठ पुढे नेला, तर गणितातील एक महत्त्वाचे अंग त्या मुलाच्या दृष्टीआड राहून जाते. उत्तर बरोबर असणे वेगळे आणि ते बरोबर आहे हे कळणे वेगळे. हा भेद स्पष्ट करण्यास २,१४,७४,८३,६४७ या एका मोठ्या मूळ संख्येचा इतिहास फार उपयोगी पडतो. तो समजण्यास भागाकार व बाकी यांपलीकडचे गणित फारसे लागत नाही.

संख्या कशी तयार होते

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, असे तिचे वाचन होय. दिसावयास ती ओबडधोबड वाटते, परंतु तिची घडण अगदी साधी आहे. १ पासून आरंभ करून दुप्पट करीत जावे: २, ४, ८, १६, ३२, याप्रमाणे. एकतीस वेळा दुप्पट केल्यावर २,१४,७४,८३,६४८ ही संख्या येते. तिलाच २चा ३१वा घात म्हणतात. त्यातून १ वजा केला की आपली संख्या मिळते.

अशा रीतीने, म्हणजे दुप्पट करीत जाऊन प्रत्येक वेळी १ वजा करून, जी मालिका तयार होते ती फळ्यावर लिहून पाहण्यासारखी आहे: १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७, २५५, ५११, १०२३, २०४७. यांत ३, ७, ३१ व १२७ या मूळ संख्या आहेत. १५, ६३, २५५, ५११ व १०२३ या नाहीत. नीट पाहिले तर असे आढळते की घातांक संयुक्त असेल (४, ६, ८, ९, १०) तर येणारी संख्याही संयुक्तच येते. हा नियम सर्वत्र खरा आहे. त्यावरून घातांक मूळ असेल (२, ३, ५, ७) तर संख्याही मूळच येईल, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ११ हा घातांक मूळ असून २०४७ ही संख्या मूळ नाही. २३ व ८९ यांचा तो गुणाकार आहे. चार उदाहरणांत जुळलेला नियम पाचव्या उदाहरणात मोडला. तेव्हा ३१ हा घातांक मूळ आहे एवढ्यावरून आपल्या संख्येविषयी काहीच ठरत नाही. तिची परीक्षा स्वतंत्रपणेच करावी लागते.

परीक्षा कठीण का?

एखादी संख्या मूळ नाही हे दाखविण्यास एक भाजक पुरतो. २०४७ ला २३ ने भाग जातो, हे एकदा करून दाखविले की वाद संपला. परंतु संख्या मूळ आहे असे म्हणणे म्हणजे तिला कोणताही भाजक नाही असे म्हणणे होय. दहा भाजक लावून पाहिले आणि भाग गेला नाही, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. अकराव्याने भाग जाणार नाही कशावरून? घरात साप आहे हे तो दिसला की कळते. घरात साप नाही असे खात्रीने म्हणावयाचे असेल, तर प्रत्येक कोपरा पाहावा लागतो.

मात्र पाहावयाच्या कोपऱ्यांना मर्यादा आहे. संख्येचे विभाजक जोडीजोडीने येतात. ३६ चे विभाजक २ व १८, ३ व १२, ४ व ९, ६ व ६ असे जोडीत मांडले, तर प्रत्येक जोडीतील एक तरी विभाजक ६ किंवा त्याहून लहान असतो. कारण दोन्ही ६ हून मोठे असते तर गुणाकार ३६ हून अधिक झाला असता. म्हणून कोणतीही संख्या तपासताना तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरे. ९७ साठी २, ३, ५ व ७ एवढेच भाजक पुरतात. पुढील मूळ संख्या ११, आणि ११ चा वर्ग १२१ हा ९७ च्या पलीकडे आहे. चार भागाकार केले की "९७ मूळ आहे" हे विधान यादीच्या आधारावर न राहता स्वतःच्या पायांवर उभे राहते.

आपल्या मोठ्या संख्येला हाच न्याय लावू. ४६,३४० चा वर्ग तिच्याहून लहान आणि ४६,३४१ चा वर्ग तिच्याहून मोठा आहे. म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल. अशा मूळ संख्या चार हजार आठशेच्या आसपास आहेत. दहा अंकी संख्येचे तेवढे भागाकार हाताने करणे म्हणजे कित्येक आठवड्यांचे काम. आणि त्यात एक भागाकार चुकला तरी सारा निष्कर्ष धोक्यात येतो.

बरोबर उत्तर, अपुरे कारण

इटलीतील गणिती काताल्दी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस १७ व १९ हे घातांक घेऊन येणाऱ्या १,३१,०७१ व ५,२४,२८७ या संख्या मूळ आहेत, हे वर्गमूळापर्यंतचे भागाकार करून दाखविले. ते काम चोख होते. परंतु त्यापुढे २३, २९, ३१ व ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात, असे त्याने सांगितले. आणि तेथे सिद्धता नव्हती. फ्रान्समधील फर्मा याने १६४० मध्ये २३ व ३७ यांच्या बाबतीतील चूक उघड केली: पहिल्या संख्येला ४७ ने आणि दुसरीला २२३ ने भाग जातो. २९ च्या बाबतीत २३३ ने भाग जातो, हे पुढे लेओनार्ड ऑयलर याने दाखविले. चारांपैकी तीन विधाने चुकली. ३१ चे तेवढे खरे ठरले.

फ्रान्समधील मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये अशीच एक यादी प्रसिद्ध केली, व त्याच्या नावावरून या घडणीच्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्याच्याही यादीत ३१ होता. परंतु ६७ व २५७ हे चुकीचे घातांक तीत आले होते, आणि ६१, ८९ व १०७ हे बरोबर घातांक राहून गेले होते. ती यादी पूर्णपणे तपासून होण्यास सुमारे तीनशे वर्षे लागली.

३१ विषयी काताल्दी व मेर्सेन या दोघांचेही उत्तर बरोबर होते. तरीही त्यांना ते ठाऊक होते असे गणितशास्त्र मानत नाही. ज्या रीतीने तीन उत्तरे चुकतात त्याच रीतीने चौथे बरोबर आले, तर ते ज्ञान नव्हे, योगायोग होय. यादी पाठ करून ९७ सांगणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याहून फार वेगळी नसते.

बाक्यांचे चक्र

या संख्येची पहिली खरी सिद्धता ऑयलरने दिली. त्याचा जन्म १७०७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला, आणि आयुष्याचा बराच काळ त्याने रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे घालविला. ही सिद्धता १७७२ मधील आहे. तेव्हा त्याने वयाची पासष्टी गाठली होती आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती. ज्याला कागदावरील आकडे दिसत नाहीत त्याने हजारो भागाकार करीत बसणे शक्य नव्हते. त्याने भागाकार करण्याआधी विचार केला. कोणते भाजक मुळातच असंभवनीय आहेत, हे त्याने प्रथम शोधले.

तो विचार लहान उदाहरणाने समजून घेता येतो. २ चे घात घेऊन त्यांना ७ ने भागावे व बाक्या लिहाव्यात. २, ४, १, २, ४, १, अशा त्या येतात. तीन पावलांनी बाकी १ येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. २३ ने भागल्यास बाक्या २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १ अशा येतात. येथे चक्र अकरा पावलांचे आहे. (प्रत्येक वेळी मोठा घात काढण्याचे कारण नाही, मागील बाकी दुप्पट करावी व ती २३ हून मोठी झाल्यास २३ वजा करावे.) अकराव्या पावलावर बाकी १ येते, याचा अर्थ २चा ११वा घात उणे १, म्हणजेच २०४७, याला २३ ने निःशेष भाग जातो.

फर्माचा एक सिद्धान्त असा आहे की भाजक विषम मूळ संख्या असेल, तर त्या भाजकाहून एकने कमी इतक्या पावलांवर बाकी १ हीच असते. ७ साठी सहाव्या पावलावर, २३ साठी बाविसाव्या पावलावर ती १ येते. याची सिद्धता ऑयलरनेच पुढे दिली. आता गावच्या आठवडेबाजाराचे उदाहरण घ्यावे. बाजार दर सात दिवसांनी भरतो. आज बाजार आहे, आणि अमुक दिवसांनीही बाजारच आहे असे कोणी सांगितले, तर ते दिवस ७ च्या पटीतच असले पाहिजेत. बाकी १ येण्याचेही तसेच आहे. ७ साठी चक्र ३ चे, आणि ६ ही ३ ची पट. २३ साठी चक्र ११ चे, आणि २२ ही ११ ची पट.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या मोठ्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो असे क्षणभर धरू. म्हणजे त्या भाजकासाठी एकतिसाव्या पावलावर बाकी १ आली पाहिजे, आणि म्हणून ३१ ही चक्राच्या लांबीची पट असली पाहिजे. परंतु ३१ स्वतः मूळ आहे! तेव्हा चक्र १ चे किंवा ३१ चे असू शकते. १ चे असेल तर २ ला भागून बाकी १ उरावी लागेल, आणि ते अशक्य आहे. म्हणून चक्र ३१ चेच. आणि फर्माच्या सिद्धान्ताने भाजक उणे १ ही संख्याही ३१ ची पट ठरते. भाजक विषम असल्यामुळे ती संख्या समही आहे. म्हणजे ती ६२ ची पट आहे. येणेप्रमाणे संभाव्य भाजक केवळ ६३, १२५, १८७, २४९, ३११ अशा, म्हणजे ६२ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या संख्यांतच असू शकतो. बाकीचे सारे भाजक एकही भागाकार न करता बाद झाले.

मागे सांगितलेले भाजक या कसोटीवर तपासून पाहावेत. ४७ म्हणजे २३ ची दुप्पट अधिक १. २२३ म्हणजे ३७ ची सहापट अधिक १. २३३ म्हणजे २९ ची आठपट अधिक १. आणि २०४७ चे विभाजक २३ व ८९ म्हणजे ११ ची दुप्पट व आठपट अधिक १. सर्व नियमात बसतात.

याशिवाय आणखी एक अट आहे: अशा भाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च आली पाहिजे. तिची सिद्धता वरच्या पातळीवरील गणितात येते. परंतु वरील पाचही भाजकांवर तिचा पडताळा घेता येईल. दोन्ही अटी पाळणाऱ्या संख्या म्हणजे २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून होणाऱ्या संख्या. ४६,३४० पर्यंत त्या ३७३ भरतात. त्यांतील पहिली ६३ ही उघडच मूळ नाही. ती वगळली की ३७२ उरतात. चार हजार आठशेंचे काम पावणेचारशेंच्या आत आले.

एक भाजक लावून पाहू

या ३७२ पैकी पहिल्या दहा संख्या अशा: २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यांत मूळ अशा ३११ व १३०३ या दोनच. उरलेल्या आठांना लहान मूळ संख्यांनी भाग जातो, म्हणून त्यांनी भागण्याचे प्रयोजन नाही. अशा रीतीने काम आणखी पुष्कळ कमी होते.

३११ चा भागाकारही लांबलचक करण्याची गरज नाही. बाक्यांवरूनच उत्तर मिळते. २चा १०वा घात १०२४; त्याला ३११ ने भागून बाकी ९१. विसाव्या घातासाठी ९१ चा वर्ग ८२८१, बाकी १९५. तिसाव्या घातासाठी १९५ गुणिले ९१ म्हणजे १७,७४५; बाकी १८. एकतिसाव्यासाठी दुप्पट ३६. त्यातून १ वजा केला की ३५. म्हणजे आपल्या संख्येला ३११ ने भागल्यास ३५ उरतात. भाग जात नाही. ज्यांना खात्री करावयाची असेल त्यांनी भागाकार मांडून पाहावा. तो ६९,०५,०९२ येऊन बाकी ३५ उरते. १३०३ साठी हीच रीत वापरल्यास बाकी २२६ येते. अशा प्रकारे यादीच्या अखेरपर्यंत जावे. एकाही भाजकाने भाग जात नाही. म्हणून २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या होय. काताल्दीने जे सांगितले तेच हे विधान; परंतु आता त्याच्या मागे कारण उभे आहे.

या संख्येचे आणखी काही गुण

ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ चे विभाजक १, २, ३ यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४ यांची बेरीज २८. युक्लिडाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखविले की प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते: ३ ला २ ने गुणून ६, ७ ला ४ ने गुणून २८, ३१ ला १६ ने गुणून ४९६. आपल्या संख्येला २च्या ३०व्या घाताने गुणल्यास २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. इंग्लंडमधील बार्लो या गणितज्ञाने १८११ मध्ये आपल्या ग्रंथात असे लिहिले की, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही. कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, म्हणून कोणी तो खटाटोप करणार नाही. ऑयलरची मूळ संख्या पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली खरी. परंतु बार्लोचे भाकीत टिकले नाही.

उपयोग नाही, हे म्हणणेही टिकले नाही. संगणकात संख्या ० व १ या दोनच अंकांनी लिहितात. त्या पद्धतीत ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११, आणि आपली संख्या म्हणजे सलग एकतीस वेळा १. बत्तीस स्थाने असलेल्या यंत्रात एक स्थान अधिक-उणे चिन्हासाठी राखले, तर लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या हीच. पुष्कळ संगणक-व्यवस्थांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजण्याची पद्धत पडली. जेथे हा हिशोब बत्तीस स्थानांत ठेवला आहे, तेथे तो १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येपाशी येऊन थांबेल. पुढील सेकंदाला जागा उरणार नाही. म्हणून अशा यंत्रांत त्याआधी फेरबदल करावे लागतात. तसेच शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण केवळ गुणाकारावरून त्या दोन संख्या ओळखणे अत्यंत कठीण, या तत्त्वावर गुप्त संदेशांची कुलपे तयार केली जातात.

ऑयलरनंतर

फ्रान्समधील ल्यूका याने १८७६ मध्ये भाजक लावून न पाहताच परीक्षा करण्याची रीत शोधली. पुढे अमेरिकेतील लेमर याने तिला सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करावा. वर्ग करून २ वजा करावे. ज्या संख्येची परीक्षा आहे तिने भागून बाकी घ्यावी. आणि ही क्रिया घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा करावी. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, अन्यथा नाही. ३१ साठी घातांक ५, म्हणून तीन पावले: ४, १४, ८, ०. आपल्या संख्येस अशी एकोणतीसच पावले पुरतात. ल्यूकाने आपल्या रीतीने २चा १२७वा घात उणे १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. मेर्सेनच्या यादीतील ६७ चुकीचा आहे हेही त्याने दाखविले, परंतु त्या संख्येचे विभाजक त्याला ठाऊक नव्हते. ते अमेरिकेतील कोल याने १९०३ मध्ये सादर केले: १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७. सभेपुढे येऊन एक शब्दही न बोलता त्याने फळ्यावर एकीकडे २च्या ६७व्या घातातून १ वजा करून दाखविला, दुसरीकडे या दोहोंचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरे जुळताच तो जागेवर जाऊन बसला, असे सांगतात.

२००२ मध्ये कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणत्याही घडणीच्या संख्येची निश्चित परीक्षा, अंकसंख्येच्या मानाने बेताच्याच पावलांत करता येते, असे सिद्ध केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये २चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १ ही ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. तरी ती शेवटची नव्हे. मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडाने पूर्वीच सिद्ध केले आहे: हाती असलेल्या सर्व मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला, तर त्या संख्येला त्यांपैकी कोणत्याही संख्येने भागले असता १ उरतो, म्हणजे यादीबाहेरची एखादी मूळ संख्या असलीच पाहिजे.

वर्गात काय करता येईल

हा सर्व मजकूर मुलांना शिकवावा अशी अपेक्षा नाही. त्यातील दृष्टी मात्र शिक्षकांनी घ्यावी. आरंभी मुलांना चिंचोके देऊन १२, १५, १३, १७ अशा संख्यांच्या समान ओळी मांडावयास सांगाव्यात. १३ व १७ चिंचोक्यांची एकच लांब रांग होते, दुसरी मांडणी जमत नाही, हे हाताला कळले म्हणजे व्याख्या पाठ करावी लागत नाही. पुढे १ ते १०० चा तक्ता घेऊन २, ३, ५ व ७ यांच्या पटी खोडाव्यात, आणि ७ पाशीच का थांबलो, हे मुलांकडून काढून घ्यावे. वरच्या वर्गात बाक्यांची चक्रे मांडण्याचा खेळ घ्यावा: ५ साठी चार पावले, ११ साठी दहा, १३ साठी बारा, १७ साठी आठ. यास वही व पेन्सिल एवढेच साहित्य लागते, आणि बहुवर्ग शाळेत एका गटास हे काम देऊन दुसऱ्या गटाकडे लक्ष देता येते. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर यांनी संख्यांचे जे गुण शोधून जगापुढे ठेवले, तेही अशाच साध्या साहित्यावर.

उत्तरपत्रिका तपासताना मूळ संख्येच्या प्रश्नापुढे "कारण लिहा" एवढे दोन शब्द वाढवावेत. "९७ मूळ आहे; कारण २, ३, ५ व ७ यांनी भाग जात नाही आणि ११ चा वर्ग ९७ हून मोठा आहे," असे एखाद्या मुलीने लिहिले, तर तिने यादी पाठ केली आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. उद्या तिच्यापुढे १९९ आली किंवा ३११ आली, तरी तिला कोणाला विचारावे लागणार नाही.